गटवार यादी स्क्रीन रीडरवर नीट ऐकू यावी म्हणून: नवख्या डेव्हलपरसाठी

एका हाउसिंग सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब ठेवणारं विंडोजवरचं सॉफ्टवेअर डोळ्यांसमोर आणा. पडद्यावर एक लांब यादी आहे आणि तिचे तीन गट पाडलेत: ‘थकबाकी’, ‘चालू महिना बाकी’ आणि ‘भरलेले’. प्रत्येक गटाखाली सदनिकांचे क्रमांक, रक्कम आणि तारीख. ज्याला दिसतं तो वरचं ठळक शीर्षक बघतो आणि खालच्या ओळी त्या अर्थाने वाचतो.

आता हीच यादी सोसायटीचे अंध व्यवस्थापक स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, ऐकतायत. त्यांना ऐकू येतं, ‘३०२, चार हजार पाचशे रुपये’. हे पैसे आलेत की यायचेत? ओळीत ते कुठेच लिहिलेलं नाही. ते शीर्षकात आहे, आणि शीर्षक वाचलंच गेलं नाही. पैसे भरलेल्या माणसाच्या दारात नोटीस जाऊ शकते, आणि चूक व्यवस्थापकांच्या माथी बसते.

गटवार यादी बनवताना म्हणून तीन गोष्टी कानापर्यंत पोचवायच्या: मी कोणत्या गटात आहे, या गटात किती ओळी आहेत, आणि नवा गट कुठे सुरू झाला. आणि त्या एकदाच, योग्य वेळी. दर ओळीला गटाचं नाव घोकणारी यादीसुद्धा वापरवत नाही. खाली जे लिहिलंय ते मुख्यतः विंडोज आणि डब्ल्यूपीएफ (विंडोज ॲप्लिकेशन्स बनवण्याची मायक्रोसॉफ्टची डॉटनेट चौकट) धरून आहे, कारण कार्यालयीन कामाची कितीतरी सॉफ्टवेअर्स अजून त्यावर चालतात. बाकीच्यांबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलंय.

आधी ऐका

कोडला हात लावण्याआधी एनव्हीडीए उतरवून घ्या. ऑस्ट्रेलियात २००६ साली मायकेल करन यांनी सुरू केलेला हा स्क्रीन रीडर मोफत आणि मुक्त स्रोत आहे. त्याच्यासोबत येणाऱ्या ईस्पीक एनजी या आवाजात मराठीही आहे. तुमच्या यादीतला मजकूर देवनागरीत असेल तर चाचणीच्या वेळी मराठी आवाज निवडा, कारण इंग्रजी आवाजावर देवनागरी ऐकून कसलाच अंदाज येत नाही.

एनव्हीडीएच्या टूल्स मेनूत ‘स्पीच व्ह्यूअर’ आहे. तो उघडून ठेवला की बोललेला प्रत्येक शब्द खिडकीत लिहून दिसतो. सुरुवातीला आवाजाचा वेग झेपत नाही, तेव्हा याचा फार आधार होतो. माउस बाजूला सारा, टॅबने यादीवर या आणि खालच्या बाणाची कळ एकेकदा दाबत जा. जे ऐकू येईल ते जसंच्या तसं कागदावर उतरवा. मग त्याच्या शेजारी, काय ऐकू यायला हवं होतं ते लिहा. आपल्या उदाहरणात ते साधारण असं असेल:

‘थकबाकी, १२ सदनिका, गट. ३०२, ४५०० रुपये, मार्चपासून. १२ पैकी १.’

पुढची ओळ: ‘४०५, ९००० रुपये, जानेवारीपासून. १२ पैकी २.’ इथे गटाचं नाव पुन्हा नको. बाराव्या ओळीनंतर बाण दाबला की मग ‘चालू महिना बाकी, २० सदनिका, गट’ असं कानावर पडायला हवं.

हा कागद जपून ठेवा. पुढचं सगळं काम या दोन रकान्यांमधलं अंतर मिटवण्याचं आहे.

मग झाड बघा

स्क्रीन रीडर तुमचा पडदा बघत नाही. ॲप्लिकेशन विंडोजला घटकांचं एक झाड देतं, आणि स्क्रीन रीडर त्या झाडावरून फिरतो. विंडोजवर या व्यवस्थेचं नाव यूआय ऑटोमेशन. प्रत्येक घटकाला नाव असतं, तो काय आहे हे सांगणारा प्रकार असतो (यादी, गट, यादीतली ओळ, बटण), आणि उघडा-मिटलेला, निवडलेला-न निवडलेला अशी स्थिती असते.

हे झाड बघायला मायक्रोसॉफ्टचं ‘ॲक्सेसिबिलिटी इनसाइट्स फॉर विंडोज’ हे मोफत साधन वापरा. विंडोज एसडीकेमधलं जुनं ‘इन्स्पेक्ट’सुद्धा चालतं. यादीवर जाऊन बघा: वर ‘यादी’, तिच्या पोटात ‘गट’, आणि गटाच्या पोटात ‘ओळी’ असा उतार दिसायला हवा. ओळी थेट यादीच्या पोटात असतील आणि शीर्षक नुसता मजकूर म्हणून शेजारी लोंबत असेल, तर गट फक्त पडद्यावर आहे, झाडात नाही.

असं बहुतेकदा एका सोप्या वाटणाऱ्या युक्तीमुळे होतं. गट पाडायचा कंटाळा म्हणून शीर्षकाची ओळही इतर ओळींसारखीच यादीत घुसवली जाते आणि तिला ठळक टाइप, वेगळा रंग दिला जातो. दिसायला झकास. पण आता १२ ओळींच्या गटात १३ मोजल्या जातात, ‘थकबाकी’ ही ओळ सदनिकेसारखी निवडता येते, आणि तिच्यावर एंटर दाबलं की काय होईल याचा भरवसा नाही. तुमच्या कोडमध्ये हे असेल तर पुढच्या पायऱ्यांआधी ते काढा. डब्ल्यूपीएफमध्ये त्यासाठी कलेक्शनव्ह्यूसोर्स आहे. त्यात प्रॉपर्टीग्रुपडिस्क्रिप्शन देऊन कोणत्या रकान्यावरून गट पाडायचे ते सांगा, आणि यादीला ग्रुपस्टाइल द्या. मग प्रत्येक गटासाठी ग्रुपआयटम हा खरा घटक तयार होतो आणि झाडात तो ‘गट’ म्हणूनच येतो.

ओळीचं नाव

डब्ल्यूपीएफमध्ये नवख्या माणसाला सगळ्यात आधी भेटणारा दोष हा. पडद्यावर सगळं नीट दिसतं, पण बाण दाबला की दर ओळीला तेच ऐकू येतं: तुमच्या क्लासचं पूर्ण नाव, नेमस्पेससकट. कारण ओळीला वेगळं नाव दिलं नसेल तर डब्ल्यूपीएफ त्या ऑब्जेक्टचं टूस्ट्रिंग उचलतं, आणि ते तुम्ही लिहिलेलं नसतं.

उपाय दोन. क्लासमध्ये टूस्ट्रिंग लिहा, किंवा आयटमकंटेनरस्टाइलमध्ये सेटर घालून ऑटोमेशनप्रॉपर्टीज.नेम हे तुमच्या एखाद्या प्रॉपर्टीला बांधा. मी दुसराच सुचवेन. टूस्ट्रिंग लॉगमध्ये आणि डीबगरमध्येही वापरलं जातं, आणि उद्या कोणीतरी तिथल्या सोयीसाठी ते बदलतं.

त्या प्रॉपर्टीत काय लिहायचं, यावर वेळ घालवा. रोज स्क्रीन रीडर वापरणारी माणसं बाण भराभर दाबत जातात. पहिला शब्द ऐकतात, नको असेल तर वाक्य तोडून पुढे. म्हणून ओळींना वेगळं करणारी गोष्ट पहिली यायला हवी. प्रत्येक ओळ ‘सदनिका क्रमांक’ अशी सुरू केली तर ऐकणाऱ्याला दर वेळी ते दोन शब्द सोसावे लागतात. थेट ‘३०२’ने सुरू करा. मग रक्कम, मग तारीख. पडद्यावर जागा वाचवायला लिहिलेलं ‘रु.’, ‘क्र.’, ‘दि.’ इथे पूर्ण लिहा: रुपये, क्रमांक, दिनांक. चिन्हाने किंवा रंगाने दाखवलेलं काही असेल, समजा नोटीस पाठवल्याची लाल खूण, तर तेही शब्दांत शेवटी जोडा: ‘नोटीस पाठवली’.

गटाचं नाव

ग्रुपआयटमच्या मागे जो ऑब्जेक्ट असतो तो डब्ल्यूपीएफचा स्वतःचा असतो. त्यात नेम आणि आयटमकाउंट या प्रॉपर्टी तयार मिळतात. पण तुम्ही काही केलं नाही तर गटाच्या नावाच्या जागी त्याच आतल्या क्लासचं लांबलचक नाव येऊ शकतं. म्हणून ग्रुपस्टाइलच्या कंटेनरस्टाइलमध्येही ऑटोमेशनप्रॉपर्टीज.नेम बांधा. मल्टिबाइंडिंग वापरून ‘थकबाकी, १२ सदनिका’ असं नाव तयार करता येतं. पडद्यावर ‘थकबाकी (१२)’ असेल तर असू दे, पण कंसातला एकटा आकडा कशाचा ते ऐकून कळत नाही.

इथे एक बारकावा माहीत असलेला बरा. गटाला नाव आणि वर्णन दोन्ही नसेल तर एनव्हीडीए त्याला निव्वळ मांडणीचा भाग मानतो आणि गाळून पुढे जातो. झाडात गट अगदी बरोबर जागी असेल, इनसाइट्समध्ये दिसतही असेल, तरी कानाला काहीच कळणार नाही. ‘सगळं बरोबर केलंय, तरी गट वाचत नाही’ अशी स्थिती आली की आधी नाव तपासा.

गटाचं नाव ओळीच्या नावात घुसवण्याचा मोह होईल: ‘थकबाकी, ३०२, ४५०० रुपये’. गट खरोखर झाडात असेल तर हे करू नका. बारा ओळींना बारा वेळा ‘थकबाकी’ ऐकावं लागतं, आणि गटात शिरतानाची खूण त्या गलक्यात हरवते.

किती पैकी कितवी

डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ पासून डब्ल्यूपीएफ हे आकडे स्वतःहून पुरवतं, आणि यादी गटवार असेल तर गटातल्या गटात मोजतं. जुन्या आवृत्तीवर अडकला असाल तर ४.८ वर जाण्याचं हे एक चांगलं कारण आहे. ‘१२ पैकी ३’ ऐकू येण्याऐवजी ‘५७ पैकी ३’ आलं, तर तुमचे गट झाडात नाहीत असा संशय घ्या आणि मागे जा.

उघडणं, मिटवणं आणि कीबोर्ड

इथे मात्र थांबून काम करावं लागतं, कारण नाव आणि प्रकार बरोबर असूनही यादी वापरता न येण्याची कारणं बहुतेक कीबोर्डात असतात.

गट मिटवता येत असतील तर टेम्प्लेटमध्ये एक्स्पांडर वापरा. शीर्षकावर क्लिक पकडून हाताने ओळी लपवू नका. एक्स्पांडर असला की ‘उघडा’ किंवा ‘मिटलेला’ ही स्थिती यूआय ऑटोमेशनपर्यंत पोचते. त्याच्या शीर्षकात चिन्ह, मजकूर आणि आकडा अशी रचना असेल तर फोकस गेल्यावर नुसतं ‘बटण’ ऐकू येतं, म्हणून एक्स्पांडरलाही गटाचंच नाव द्या.

आता माउस न वापरता हे करून बघा. एक, मिटलेल्या गटाच्या शीर्षकावर कीबोर्डने पोचता येतं का, आणि स्पेस दाबून तो उघडतो का. दोन, उजव्या बाणाने उघडणं आणि डाव्या बाणाने मिटवणं. ट्री वापरणाऱ्याच्या बोटांना हीच सवय असते. डब्ल्यूपीएफच्या गटांना ती आपोआप मिळत नाही, कीडाउनमध्ये लिहावी लागते. काम तासाभराचं आहे, पण ज्याला दिवसभर ही यादी हाताळायची आहे त्याला दर गटाला टॅब-स्पेस-टॅब करावं लागत नाही.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: फोकस ज्या ओळीवर आहे तिचाच गट मिटला तर फोकस कुठे जातो? ‘सगळे गट मिटवा’ असं बटण किंवा शॉर्टकट असेल तर हे हमखास घडतं. ओळ अदृश्य होते, आणि पुढचा बाण दाबल्यावर माणूस यादीच्या डोक्यावर किंवा भलत्याच खिडकीत पोचतो. बघणाऱ्याला हे क्षणात कळतं. ऐकणाऱ्याला आपण कुठे आहोत ते शोधत बसावं लागतं. गट मिटवणाऱ्या कोडमध्येच फोकस त्या गटाच्या शीर्षकावर आणून ठेवा.

चार, टाइप करून उडी मारणं. यादीत ‘४०५’ टाइप केलं की तिथे जाता यायला हवं. लांब यादीत अंध वापरकर्त्याचा हा मुख्य रस्ता आहे. टेक्स्टसर्च.टेक्स्टपाथमध्ये कोणती प्रॉपर्टी शोधायची ते सांगता येतं. मराठी सॉफ्टवेअरमध्ये इथे एक खास अडचण येते: क्रमांक देवनागरी अंकांत साठवला असेल आणि माणूस कीबोर्डवरून इंग्रजी अंक टाइप करत असेल, तर काहीच सापडत नाही. शोधासाठी इंग्रजी अंकांची वेगळी प्रॉपर्टी ठेवा, दाखवायला देवनागरी ठेवा.

गटांच्या आत उपगट, त्यांच्या आत आणखी उपगट असं होऊ लागलं तर गटवार यादीचा हट्ट सोडा आणि ट्रीव्ह्यू घ्या. विंग, मजला, सदनिका अशी उतरंड ट्रीमध्ये सहज बसते. पातळी, उघडा-मिटलेला आणि बाणांची सवय तिथे आयती मिळते.

ओळ एका गटातून दुसऱ्यात गेली तर

३०२ने पैसे भरले. पावती केली आणि ओळ ‘थकबाकी’तून निघून ‘भरलेले’मध्ये गेली. पडद्यावर ती सरकताना दिसते. कानाला काय? दोन पर्याय आहेत, आणि मला पहिला पटतो: फोकस ‘थकबाकी’तच, पुढच्या ओळीवर ठेवा, आणि ‘३०२ भरलेले या गटात गेली’ हे एका छोट्या स्थितिदर्शक मजकुरातून सांगा. त्या मजकुरावर ऑटोमेशनप्रॉपर्टीज.लाइव्हसेटिंग ‘पोलाइट’ ठेवा आणि मजकूर बदलल्यावर लाइव्हरीजनचेंज्ड ही घटना उठवा. ही सोय डॉटनेट फ्रेमवर्क ४.७.१ पासून आहे. पैसे जमा करणारा माणूस थकबाकीची यादी वरून खाली संपवत असतो, त्याला ओळीमागे ओढत नेलं तर दर पावतीला परत वर यावं लागेल. दुसरा पर्याय, म्हणजे फोकस ओळीबरोबर नेणं, एकेका ओळीवर बराच वेळ काम चालणाऱ्या ॲप्लिकेशनमध्ये योग्य ठरतो.

हजारो ओळी

मोठ्या यादीत डब्ल्यूपीएफ फक्त दिसणाऱ्या ओळी तयार ठेवतं. गट पाडल्यावर ही बचत पूर्वी बंद पडायची. फ्रेमवर्क ४.५ पासून व्हर्च्युअलायझिंगपॅनेलवर ‘इजव्हर्च्युअलायझिंगव्हेनग्रुपिंग’ चालू करता येतं. चालू केल्यावर चाचणी पुन्हा पहिल्यापासून करा, विशेषतः एंड दाबून शेवटच्या ओळीवर जाणं आणि गटाच्या सीमेवर बाण दाबणं. पडद्याबाहेरच्या ओळी तोवर झाडात नसतात, आणि खोट या जागी हमखास उघडी पडते.

इतर ठिकाणी

विंडोज फॉर्म्सच्या लिस्टव्ह्यूला गट आहेत, आणि डॉटनेट ५ पासून ते मिटवताही येतात. शक्य असेल तर जुन्या फ्रेमवर्कपेक्षा नव्या डॉटनेटवर जा. क्यूटीच्या क्यूएमएलमध्ये लिस्टव्ह्यूला ‘सेक्शन’ मिळतो, पण तो दिसण्यापुरता असतो, झाडात गट होत नाही. तिथे नाइलाजाने गटाचं नाव ओळीच्या नावात घालावं लागतं. घालताना ते शेवटी घाला: ‘३०२, ४५०० रुपये, थकबाकी’. सुरुवात ओळखीच्या क्रमांकानेच होऊ द्या.

इलेक्ट्रॉनवर बनवत असाल तर आत वेबच आहे. लिस्टबॉक्स या रोलच्या आत ग्रुप आणि त्याच्या आत ऑप्शन ही रचना एआरआयए १.२ मध्ये (वेबवरच्या घटकांचा प्रकार आणि स्थिती स्क्रीन रीडरला सांगण्याचं मानक) मान्य आहे, आणि ती २०२३ मध्ये डब्ल्यूथ्रीसीची अधिकृत शिफारस झाली. गटाला एआरआयए-लेबल्डबाय देऊन शीर्षकाशी जोडा. शीर्षकाला स्वतंत्र ऑप्शन करू नका.

सरकारी कामाच्या निविदा भरणाऱ्यांनी आयएस १७८०२ हे सुलभतेचं भारतीय मानकही वाचावं. डब्ल्यूसीएजी या वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या भाषेत वरचं बरंचसं काम १.३.१ आणि ४.१.२ या दोन निकषांत येतं: रचना आणि नातं कळणं, आणि नाव, प्रकार, स्थिती कळणं.

शेवटची चाचणी

एनव्हीडीएत स्क्रीन कर्टन आहे. एनव्हीडीए कळ (सहसा इन्सर्ट), कंट्रोल आणि एस्केप एकत्र दाबलं की पडदा पूर्ण काळा होतो. तो लावून एक खरं काम करा: थकबाकीतली सगळ्यात मोठी रक्कम शोधा, तिची पावती करा, आणि ती ‘भरलेले’मध्ये गेल्याची खात्री करा. अडलात की तिथेच थांबून कागदावर नोंद करा. मग तेच काम विंडोजच्या नॅरेटरवर करा. तो कंट्रोल, विंडोज आणि एंटरने सुरू होतो. दोघांची वाचण्याची पद्धत वेगळी आहे, आणि एकावर चाललेलं दुसऱ्यावर अडतं.

यानंतर स्क्रीन रीडर रोज वापरणाऱ्या माणसाला बोलवा, आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्या. ‘यादी वाचता येते का’ असं विचारू नका, कारण उत्तर बहुतेकदा ‘हो’ येतं. ही माणसं अर्धवट चालणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम निभावून न्यायला शिकलेली असतात. काम द्या आणि गप्प बसून ऐका. कुठे ते एकच ओळ दोनदा ऐकतात, कुठे बाण सोडून टॅबकडे वळतात, कुठे यादीच्या सुरुवातीला परत जाऊन ओळी मोजतात, ते लिहून घ्या. परत जाऊन मोजत असतील तर त्या जागी गटाची सीमा ऐकू येत नाहीये. झाड पुन्हा उघडा आणि तिथल्या गटाचं नाव आधी तपासा.